पाचोळ्यात राहणारा घोयरा: मादागास्करचे ब्रुकेसिया

दगडफूल

घोयरा म्हटलं की फांदीला विळखा घालणारी शेपटी, हिरव्याचा पिवळा होणारा रंग आणि उंच झुडपातली संथ चाल आठवते. मादागास्करमधल्या ब्रुकेसिया या प्रजातीतले (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) घोयरे मात्र दिवसभर जंगलाच्या जमिनीवर, कुजत चाललेल्या पानांमधून फिरतात. शेपटी आखूड आणि ताठर, तिला काही पकडता येत नाही. रंग मातकट, तपकिरी, राखाडी, क्वचित शेवाळी. बरेच दिवस यांच्याबद्दल हाताला लागेल ते वाचतोय. ते एका जागी यावं आणि इथल्या जाणकारांनी त्यात भर घालावी म्हणून हा धागा.

आधी ओळख. १८२० साली हाइनरिश कूल यांनी यातल्या ब्रुकेसिया सुपरसिलियारिस या जातीचं वर्णन केलं, तेव्हा ती इतर घोयऱ्यांच्याच प्रजातीत धरली गेली. १८६५ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे यांनी ब्रुकेसिया ही वेगळी प्रजाती केली. आज तिच्यात तीसपेक्षा जास्त जाती आहेत आणि मादागास्कर व त्याच्या लगतची लहान बेटं सोडली तर त्यातली एकही जगात दुसरीकडे सापडत नाही. आकाराने सगळ्यात मोठी ब्रुकेसिया पेरारमाटा. अंगभर काटेरी चिलखत, वस्ती पश्चिमेकडच्या त्सिंगी द बेमाराहाच्या चुनखडी सुळक्यांमधल्या कोरड्या जंगलात. तीही शेपटीसकट ११ सेंटिमीटरच्या आसपास. सगळ्यात लहान जातीकडे नंतर येतो.

सुपरसिलियारिस पूर्वेकडच्या वर्षावनांत राहते. डोळ्यांवर दोन टोकदार शिंगं, दोन्ही बाजूंनी चपटं झालेलं अंग, पाठीची रेघ पानाच्या मधल्या शिरेसारखी. जमिनीवर निपचित असेल तेव्हा वाळून वळलेलं पान आणि ती यात फरक करणं अवघड जातं. चालतानाही ती मागेपुढे झुलत, थांबत थांबत पुढे सरकते. उतारावर तोल जायला लागला की शेपटीचं टोक टेकवून आधार घेते. पाय मात्र झाडावरच्या घोयऱ्यांसारखेच: पाच बोटांचे दोन गट, चिमट्याप्रमाणे समोरासमोर. सपाट जमिनीवर चालायला अशा पायांचा फारसा फायदा नाही. ते कशाला लागतात ते रात्री कळतं.

अंधार पडायच्या सुमारास ब्रुकेसिया पाचोळ्यातून निघून जवळच्या रोपट्यावर, नेच्याच्या पानावर किंवा उभ्या काडीवर चढतात. सगळ्यात लहान जातींच्या बाबतीत ही उंची साधारण ५ ते १० सेंटिमीटर असते, म्हणजे आपल्या वितीच्याही आत. मोठ्या जाती थोड्या वर जातात. तिथे चिमट्यांनी काडी धरून झोपायचं आणि उजाडलं की पुन्हा खाली. रात्री जमिनीवरून मुंग्या, कोळी, साप फिरत असतात. तेवढ्या चढण्याने त्यांच्या थेट वाटेतून बाजूला होता येतं. एवढ्याशा प्राण्याचं रोजचं स्थलांतर एवढंच, आणि त्यावर त्याचा जीव तगतो.

आता संकट आलं तर काय करतात ते सांगतो, कारण मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. पळून जाणं यांना जमत नाही. पहिला उपाय गोठून राहणं. धक्का लागला तर पाय पोटाशी घेऊन एका कुशीवर पडतात आणि तसेच पडून राहतात, गळालेल्या पानासारखे. एवढ्याने भागलं नाही आणि कोणी पकडलंच तर अंग थरथरवतात. हातात धरलेल्या माणसाला ती बारीक थरथर स्पष्ट जाणवते. ज्या जातींच्या पाठीच्या कडेला काट्यांची ओळ असते त्या कणा झटक्यात वळवून ते काटे पकडणाऱ्याला टोचतात. ख्रिस्तोफर रॅक्सवर्दी यांनी वर्षावनातल्या ब्रुकेसियांची प्रत्यक्ष निरीक्षणं १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. या प्राण्यांच्या वागण्याबद्दल जे थोडकं लिखाण आहे त्यात ते मला फार मोलाचं वाटतं.

खाणं म्हणजे पाचोळ्यातले बारीक कीटक, लहान माश्या, कोळ्यांची पिल्लं. प्रत्येक डोळा स्वतंत्र फिरतो, भक्ष्य दिसलं की दोन्ही त्यावर रोखले जातात आणि जीभ सुटते.

वीण: नर मादीच्या मागे मागे चालतो, मग तिच्या पाठीवर चढून तसाच तिच्यासोबत फिरतो. मादी पानांखाली किंवा मातीच्या उथळ खोबणीत अंडी घालते. लहान जातींत बहुधा दोनच, मोठ्यांत दोन ते पाच. घालून झाली की तिचं काम संपलं.

मला मांडायचा मुद्दा असा. यांच्यासाठी जंगल म्हणजे तळाची एक वीत. पण त्या वितीतला ओलावा, सावली, किडे, झोपायची काडी यातली प्रत्येक गोष्ट वरच्या झाडांकडून येते. दोन जंगलांच्या मध्ये उघडं, तापलेलं माळरान आलं तर पक्षी ते ओलांडतो, माकडासारखा दिसणारा तिथला लेमर कदाचित ओलांडेल. दोन-तीन सेंटिमीटरचा घोयरा, ज्याचं अंग उन्हात काही वेळात सुकेल, तो नाही ओलांडणार. म्हणून यातल्या कितीतरी जाती एका डोंगरापुरत्या, एका बेटापुरत्या आहेत. नकाशावर दोन हिरवे ठिपके जवळजवळ दिसतात, पण या प्राण्याच्या मापाने ती दोन वेगळी जगं असतात.

लाखो वर्षांचा हिशेबही तेच सांगतो. टेड टाउनसेंड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये उत्तर मादागास्करच्या ब्रुकेसियांचा जनुकीय अभ्यास केला. दिसायला जवळपास सारख्या असलेल्या जातींमधली फारकत हिमयुगांच्याही फार आधीची निघाली. शेजारच्या डोंगरांवर राहून त्या एकमेकांपासून कोट्यवधी वर्षं तुटलेल्या आहेत.

मुंगीची_वाट

सुंदर लेख. काडेपेटीच्या काडीच्या गुलावर बसलेल्या सरड्याचा फोटो खूप फिरतो, तो यातलाच ना? तो खरा आहे की जोडकाम?

दगडफूल

फोटो खरा आहे. ती ब्रुकेसिया मिक्रा. फ्रांक ग्लाव, यॉर्न क्योलर, टाउनसेंड आणि मिगेल फेन्सेस यांनी २०१२ मध्ये चार नव्या जाती एकत्र जाहीर केल्या, त्यातली एक. मादागास्करच्या उत्तर टोकाजवळ नोसी हारा नावाचं चुनखडीचं लहानसं बेट आहे, तिथली. फक्त एक गोष्ट त्या फोटोसोबत नेहमी गळून पडते: गुलावर बसलंय ते पिल्लू आहे. पूर्ण वाढलेली मादी शेपटीसकट २९ मिमीपर्यंत जाते, नर २४ मिमीच्या आत. तेही अविश्वसनीय लहानच आहे, पण 'पूर्ण वाढ झालेला सरडा काडीच्या टोकावर मावतो' हे चूक.

त्याच लेखातल्या बाकीच्या तीन जाती: आंकारानाची कॉन्फिडेन्स, फोरे दांब्र अभयारण्यातली डेस्पेराटा आणि मोंतान्य दे फ्रांसे या डोंगरावरची ट्रिस्टिस. शेवटच्या दोघींची नावं त्यांच्या जंगलांची अवस्था पाहूनच ठेवली आहेत.

अनुराधा_ग

एवढ्याशा प्राण्यालाही घोयऱ्याची लांब जीभ असते का? आणि जमिनीवर तिचा उपयोग काय, किडा तर तोंडाशीच असेल?

हरणटोळ

अनुराधाताई, असते, आणि लहान घोयऱ्यांची जीभ शरीराच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त लांब जाते. क्रिस्टोफर अँडरसन यांनी २०१६ मध्ये २० जातींच्या घोयऱ्यांची जीभफेक वेगवान कॅमेऱ्याने टिपली होती. सगळ्यात तडाखेबंद निघाला तो टांझानियातला राम्फोलिऑन स्पिनोसस, हाही बुटका घोयरा. त्याच्या जिभेचा कमाल त्वरण २५९० मीटर प्रति सेकंद वर्ग मोजला गेला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २६४ पट. जीभ शरीराच्या अडीच पट लांबपर्यंत गेली.

हे निव्वळ स्नायूंच्या ताकदीवर होत नाही. जिभेच्या आत एक निमुळतं हाड असतं, त्याच्याभोवती लवचिक तंतूंची एकात एक बसलेली आवरणं असतात आणि बाहेरून स्नायू. स्नायू आधी आवळतो, आवरणं ताणली जातात, त्यांत ऊर्जा साठते, आणि जीभ हाडाच्या टोकावरून सुटते तेव्हा ती सगळी एकदम मोकळी होते. धनुष्य ताणून बाण सोडावा तसं.

लहानांचीच जीभ जास्त जोरकस का, याचं कारणही समजण्यासारखं आहे. शरीर जितकं लहान तितकी त्याला वजनाच्या मानाने जास्त ऊर्जा लागते. जास्त खायचं तर जास्त शिकार साधली पाहिजे. त्यामुळे लहान जातींत जिभेचं यंत्र शरीराच्या मानाने मोठं आहे.

जमिनीवरच्या उपयोगाबद्दल: हा प्राणी धावून काहीच पकडू शकत नाही. उड्या मारणारा बारीक कीटक दोन पावलं पुढे असला तरी तो त्याच्या हातचा गेलेला असतो. जीभ ती दोन पावलं भरून काढते.

अनुराधा_ग

धन्यवाद! आणि अंतर कसं कळतं? दोन्ही डोळ्यांनी पाहून?

हरणटोळ

दोन्ही डोळे भक्ष्यावर येतात खरे, पण अंतराचा अंदाज मुख्यतः प्रत्येक डोळ्याच्या भिंगाला फोकससाठी किती बदलावं लागलं त्यावरून घेतला जातो. लिंडसे हार्कनेस यांनी १९७७ मध्ये घोयऱ्यांच्या डोळ्यांपुढे भिंगं लावून हे दाखवलं. फोकस बदलला की जिभेचा नेम त्या प्रमाणात चुकला. आणि पकडलेला किडा सुटत नाही यामागे चिकट लाळ आहे. २०१६ च्या एका अभ्यासात तिची दाटी माणसाच्या लाळेच्या सुमारे ४०० पट भरली.

तपशील_हवा

लेख आवडला. दोन शंका आहेत.

एक, 'सगळ्यात लहान' हा मान आता मिक्राकडे नाही. २०२१ मध्ये ब्रुकेसिया नाना जाहीर झाली, ती धाग्यात यायला हवी. दोन, लहान आकाराचं कारण बेट असं बरेच ठिकाणी वाचलं. बेटावर अन्न कमी, जागा कमी, म्हणून पिढ्यान्पिढ्या आकार घटतो. नोसी हारा इतकं लहान बेट असताना हे स्पष्टीकरण पुरेसं नाही का?

दगडफूल

दोन्ही शंकांना एकच उत्तर आहे, आणि ते नानाकडेच आहे. म्हणूनच तिला प्रतिसादांसाठी राखून ठेवलं होतं.

नाना मिळाली उत्तर मादागास्करच्या सोराता डोंगररांगेत, २०१२ च्या मोहिमेत. नमुने दोनच, एक नर आणि एक मादी. नर तोंडाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत, म्हणजे शेपटी वगळून, १३.५ मिमी, शेपटीसकट २१.६ मिमी. मादी बरीच मोठी: १९.२ आणि २८.९ मिमी. नर पूर्ण वाढलेला आहे हे त्याच्या जननेंद्रियावरून ठरलं, मादी प्रौढ आहे हे सूक्ष्म सीटी स्कॅनमध्ये तिच्या पोटात दोन अंडी दिसली त्यावरून.

सोराता मुख्य भूमीवरचा डोंगर आहे, आणि ही जोडी सुमारे १३०० मीटर उंचीवर मिळाली. तिथे बेटाचं स्पष्टीकरण लागू पडत नाही. मिक्राच्या जवळच्या नातलग जाती, कॉन्फिडेन्स, डेस्पेराटा, ट्रिस्टिस, याही मुख्य भूमीवरच्याच आणि त्याही चिमुकल्याच. म्हणजे हा सगळा गट आधीपासूनच लहान आहे. नोसी हारावर त्यात अजून थोडी घट झाली असेल, पण सुरुवात तिथे झाली नाही.

नानाच्या नराची आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्याचं जननेंद्रिय २.५ मिमी, म्हणजे शरीराच्या लांबीच्या साडेअठरा टक्के. संशोधकांचा तर्क असा की नर लहान होत गेला तरी मादी त्या प्रमाणात लहान झाली नाही, कारण तिला अंडी वागवायची आहेत. नराला तिच्या मापाशी जुळून राहणं भाग पडलं.

तपशील_हवा

हे पटलं, बेटाचा मुद्दा मागे घेतो. पण मग 'जगातला सगळ्यात लहान सरीसृप' हे विधान दोन नमुन्यांवर कितपत टिकतं? एका नराचं माप हे त्या जातीचं माप होत नाही. डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या बेआता बेटावरची स्फेरोडॅक्टिलस आरियासे ही पाल २००१ मध्ये जाहीर झाली, तिची प्रौढ लांबी शेपटी वगळून १४ ते १८ मिमी, सरासरी १६. नानाची मादी त्याहून मोठी आहे.

दगडफूल

बरोबर आहे. नानाचा नर हा मोजलेल्या प्रौढ सरीसृप नरांत सगळ्यात लहान, इतकंच म्हणणं सुरक्षित. दोन्ही लिंगं धरून सरासरी काढायची तर आणखी प्राणी मोजावे लागतील. मला या विक्रमापेक्षा त्यातून उभा राहणारा प्रश्न मोठा वाटतो. १३.५ मिलिमीटरमध्ये हृदय, फुप्फुसं, फिरणारे डोळे, फेकणारी जीभ सगळं बसवायचं. अंडं मात्र एका मर्यादेखाली लहान करता येत नाही, कारण त्यातून बाहेर येणाऱ्या पिल्लाला पहिल्या दिवसापासून स्वतः शिकार करायची असते. म्हणून अंडी दोनच.

सह्यवेडा

दोन अंडी वाचून चमकलो. आपल्याकडचा घोयरा जमिनीत बीळ खणून एका वेळी दहा ते तीसेक अंडी घालतो. दोनच अंडी घालणारा प्राणी एवढ्या शत्रूंमध्ये टिकतो कसा?

हरणटोळ

मादी वर्षातून एकदाच अंडी घालते असं धरू नका. ऋतू ओला असेपर्यंत थोड्या थोड्या दिवसांनी एक-दोन अंडी असा हप्ता पाचोळ्यातल्या बऱ्याच लहान सरड्यांत दिसतो. उष्ण कटिबंधाच्या अमेरिकेतल्या अ‍ॅनोल सरड्यांची मादी तर एका वेळी एकच अंडं घालते आणि पुन्हा पुन्हा घालत राहते. सगळी अंडी एका बिळात ठेवली तर एका मुंग्यांच्या रांगेत सगळी जातात. वेगवेगळ्या पानांखाली वेगवेगळ्या दिवशी ठेवली तर काही वाचतात.

प्रवासिनी

मी मोंतान्य दांब्र राष्ट्रीय उद्यानात गेले होते, जोफ्रव्हिल गावाच्या वर. तिथे ब्रुकेसिया टुबरक्युलाटा दिसते, मिक्राच्याच गटातली. आमच्या स्थानिक वाटाड्याने पायवाटेच्या कडेला उकिडवं बसून एका हाताने मला थांबवलं. मी त्याच्या बोटाच्या रोखाने बघत होते तरी मला पानं, देठं आणि मातीच दिसत होती. त्याने एक काडी जमिनीला टेकवली, आणि त्यातला एक तुकडा हळूच त्या काडीवर चढला.

त्याने तिला पकडलं नाही, हे मला आवडलं. तो म्हणाला की पाय कुठे ठेवायचा ते आधी बघा, मग प्राणी बघा. त्यानंतर मी पायवाट सोडून एक पाऊलही टाकलं नाही.

एक व्यवहाराची गोष्ट, कोणी जाणार असेल तर. मादागास्करच्या राष्ट्रीय उद्यानांत रात्री फिरायला परवानगी नसते. रात्रीच्या फेऱ्या उद्यानाबाहेरच्या रस्त्याच्या कडेने होतात. झाडावरचे घोयरे तिथे विजेरीच्या उजेडात फिके पडलेले सहज दिसतात, पण सगळ्यात लहान ब्रुकेसिया बघायच्या असतील तर दिवसा, जाणत्या वाटाड्यासोबत जा.

मुंगीची_वाट

प्रवासिनीताई, काय भाग्य! फोटो आहे का?

प्रवासिनी

आहे, पण त्यात तिला शोधायला तुम्हाला दहा मिनिटं लागतील. फोटोची प्रत सुधारली की टाकते.

कातळसडा

थोडा विरोधी सूर लावतो. धागाकर्त्यांनी 'तळाची वीत आणि वरची झाडं' असं जे मांडलंय ते सगळ्या जातींना लागू होत नाही. ब्रुकेसिया स्टुम्फी ही नोसी बे आणि वायव्येकडच्या भागात राहते आणि ती मोडक्या, दुय्यम जंगलात, लागवडीच्या सावलीतही आढळते. डेकारी ही जात आंकाराफांत्सिकाच्या कोरड्या पानझडी जंगलात आहे. म्हणजे सगळे ब्रुकेसिया ओल्या, अबाधित वर्षावनाचेच कैदी नाहीत.

दगडफूल

कातळसडा, हा फरक मी लेखात करायला हवा होता. स्टुम्फी आणि सुपरसिलियारिस या दोन्ही त्यातल्या त्यात मोठ्या, आणि त्यांचा प्रदेशही मोठा. सुपरसिलियारिस तर पूर्वेच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात आहे. एका डोंगराला जखडलेल्या जाती बहुतेक करून चिमुकल्या गटातल्या. पेरारमाटा मोठी असूनही बेमाराहापुरती आहे, तिथे खडक आणि त्यातल्या सावलीच्या घळी तिला बांधून ठेवतात.

पण स्टुम्फी लागवडीत दिसते तेव्हाही तिथे सावली आणि पानांचा थर असतोच. झाडं काढून, पेटवून, मोकळी केलेल्या जमिनीवर ती राहत नाही. तेव्हा मुद्दा सौम्य करून असं म्हणतो: झाडांची जात बदलली तरी काही ब्रुकेसिया जुळवून घेतात, थरच गेला तर कोणीच नाही.

सह्यवेडा

जंगलतोडीचं प्रमाण किती आहे?

कातळसडा

१९५३ ते २०१४ या काळात मादागास्करने आपल्या नैसर्गिक जंगलापैकी ४४ टक्के गमावलं, असा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा हिशेब आहे. कारणं ठाऊक असलेलीच: भातासाठी जंगल तोडून जाळण्याची पद्धत, तिला तिथे तावी म्हणतात, आणि शहरांच्या स्वयंपाकासाठी लागणारा कोळसा. लोकांना पोटासाठी जमीन हवी आहे, त्यांना दोष देऊन काही साधत नाही. पण एका डोंगराएवढ्याच प्रदेशात राहणाऱ्या जातीला सरासरी टक्केवारीचा काही आधार नसतो. तो एक डोंगर राहिला की गेला, एवढाच तिचा प्रश्न.

हरणटोळ

यावरून आफ्रिकेतलं एक उदाहरण सांगतो, कारण तिथेही जमिनीलगत राहणारे बुटके घोयरे आहेत: राम्फोलिऑन आणि रिपेलिऑन. दिसायला ब्रुकेसियासारखेच, आखूड शेपटीचे, वाळक्या पानाच्या रूपाचे. पण वंशवृक्षात ते ब्रुकेसियाच्या लगतचे नाहीत. पाचोळ्यातल्या जगण्याने दोन वेगळ्या घराण्यांना एकच रूप दिलं. मादागास्करमध्येही असा एक घोळ होता. नासुस आणि लोलोन्तानी या दोन जाती ब्रुकेसियात धरल्या जायच्या, २०१३ मध्ये त्या पॅलिऑन या वेगळ्या प्रजातीत हलवल्या.

आता उदाहरण. मलावीच्या दक्षिण टोकाला मलावी हिल नावाची टेकडी आहे. राम्फोलिऑन चॅपमनोरम तिथला, १९९२ मध्ये कॉलिन टिल्बरी यांनी वर्णन केलेला. तिथल्या जंगलाचा सुमारे ८० टक्के भाग १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नाहीसा झाला. १९९८ मध्ये यातले ३७ प्राणी मिकुंडी इथल्या जंगलात नेऊन सोडले होते. पुढे मूळ टेकडीवर हा प्राणी संपला असावा अशी धास्ती होती. २०१६ मध्ये क्रिस्टल टॉली आणि सहकाऱ्यांना तो उरलेल्या तुकड्यांत जिवंत सापडला. पण तुकड्यातुकड्यांमधल्या प्राण्यांचा एकमेकांशी संबंध तुटत चालल्याचं जनुकांवरून दिसलं. दगडफूल म्हणतात ती 'दोन हिरव्या ठिपक्यांमधली दरी' इथे काही दशकांत घडताना मोजली गेली.

दगडफूल

हे फार महत्त्वाचं. धागा काढल्याचं सार्थक झालं.

मुंगीची_वाट

मग झाडावरचे घोयरे आधीचे की जमिनीवरचे? म्हणजे घोयरा झाडावरून खाली आला की खालून वर गेला?

हरणटोळ

बहुतेक वंशवृक्षांत ब्रुकेसियाची फांदी अगदी बुडाशी फुटते, बाकी घोयऱ्यांच्या पुष्कळ आधी. टॉली, टाउनसेंड आणि फेन्सेस यांच्या २०१३ च्या मांडणीनुसार घोयऱ्यांचा उगम आफ्रिकेत, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तिथून ते समुद्रमार्गे मादागास्करला दोनदा पोहोचले. वाहत जाणाऱ्या झाडोऱ्यावर बसून, असं मानलं जातं. पहिल्या खेपेतून ब्रुकेसिया आले. बुडाशी फुटलेली फांदी जमिनीवरची आहे आणि आफ्रिकेतले जुने गटही जमिनीलगतचे आहेत, त्यामुळे आधी जमीन आणि नंतर झाड हा क्रम मला जास्त पटतो. चिमट्यासारखे पाय मात्र ब्रुकेसियांकडेही आहेत, म्हणजे काडी पकडण्याची सवय सगळ्यांच्या पूर्वजाकडे असणार. रोज संध्याकाळी काडीवर चढणाऱ्या प्राण्याचे वंशज पुढे दिवसाही वरच राहू लागले असतील.

शेवंता

मुलगा हे वाचून पाळायला मागतोय. विकत मिळतात का?

कातळसडा

शेवंताताई, मुलाला फोटो दाखवा, पण हा प्राणी विकत घेऊ नका. पेरारमाटा सोडून सगळ्या ब्रुकेसिया सायटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाने लागतात. पेरारमाटा पहिल्या परिशिष्टात, तिचा व्यापार बंदच. २००२ च्या सांतियागो बैठकीत हा निर्णय झाला. त्याआधी पेरारमाटा तिच्या चिलखतामुळे परदेशी शौकिनांत खूप खपायची. एकाच दगडी जंगलातून ती सगळी उचलली जात होती.

शेवंता

समजलं. त्याला सांगितलं. आता तो विचारतोय की एवढे लहान प्राणी मोजतात कसे?

दगडफूल

चांगला प्रश्न आहे, त्याला शाबासकी द्या. दिवसा मोजता येत नाहीत, कारण पाचोळ्यात दिसतच नाहीत. म्हणून झोपेत मोजतात. जंगलात ठरावीक लांबीची दोरी आखायची, अंधार पडल्यावर डोक्याला दिवा लावून दोरीच्या कडेने अगदी हळू चालायचं आणि दोन्ही बाजूंची रोपटी, काड्या, नेचे जमिनीपासून वर तपासत जायचं. प्राणी दिसला की काडीवरची त्याची उंची आणि दोरीपासूनचं अंतर लिहायचं. दोरीपासून लांबचे कमी सापडतात, त्या घटीवरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधता येतो. ओढ्याच्या काठच्या दोऱ्या आणि उतारावरच्या दोऱ्या वेगळ्या ठेवतात, कारण दोन्हीकडची गर्दी सारखी नसते.

लहान ब्रुकेसियांसाठी मोजणाऱ्याला जवळजवळ गुडघ्यांवर चालावं लागतं. पाय टाकण्याआधी समोरची जमीन तपासणं हाही त्या कामाचाच भाग आहे. प्रवासिनीताईंच्या वाटाड्याने सांगितलं तेच.